चार दिवसांच्या रजेत उंच डोंगरातली धनुष्यशिकार: कोलोरॅडोत म्यूल हरणासाठी तारखा कशा मांडाव्यात

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या रजेचा मोठा वाटा भारतात जाण्यासाठी राखलेला असतो. शिकारीला उरतात चार-पाच दिवस. त्या चार-पाच दिवसांचं बहुतेक जण काय करतात, तर सप्टेंबरभर एकेका शुक्रवारी वाटून टाकतात. चार वीकेंड डोंगरात जातात, पाय दुखतात, पेट्रोल जळतं आणि हरीण एकदाही टप्प्यात येत नाही. नेमबाजी कच्ची असते म्हणून हे घडत नाही, रजा चुकीच्या जागी पडते म्हणून घडतं.

खालची मांडणी कोलोरॅडोच्या धनुष्य-हंगामासाठी आहे, कारण तिथे तारखा ठरलेल्या असतात: हरणाचा धनुष्य-हंगाम २ ते ३० सप्टेंबर. तरी त्या वर्षीच्या सरकारी माहितीपत्रकात आपल्या युनिटच्या (शिकारीसाठी आखलेल्या विभागाच्या) तारखा स्वतः पाहा. हे सगळं परवाना काढून करायचं आहे. भारतात शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काहीही तिथे लागू नाही.

## १. दिवस मोजू नका, पहाटा मोजा

उंच डोंगरात नर हरीण उघड्यावर दिसतं ते पहाटेचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास. पहाटे त्याला शोधायचं, ते कुठे बसतं ते पाहून ठेवायचं आणि दुपारी त्याच्यापर्यंत रांगत जायचं. ज्या दिवशी उजाडताना तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसलेले नव्हता, तो दिवस शिकारीचा धरू नका.

आता साध्या वीकेंडचा हिशोब करा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात, मध्यरात्री ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, पोचलात, शनिवारी सकाळी पाठीवर ओझं घेऊन तीन-चार तास चढलात. शनिवारची पहाट गेली. रविवारची मिळाली, पण दुपारी परत निघायचं असतं, म्हणजे दबकत जायला वेळ नाही. मिळाली एक पहाट, तीही अर्धी. असे चार वीकेंड म्हणजे चार अर्ध्या पहाटा, आणि प्रत्येक वेळी कॅम्प मांडताना-उचलताना हरणांना आपला वास मिळतो तो वेगळाच.

तेच चार दिवस रजेचे सलग लावले, की पाच-सहा पूर्ण पहाटा हाती येतात. म्हणून पहिला नियम: रजा एका तुकड्यात घ्या.

तपासा: कागदावर प्रत्येक तारखेपुढे "पहाट मिळणार / नाही" असं लिहा. पाचपेक्षा कमी निघाल्या तर बेत पुन्हा मांडा.

## २. तो तुकडा कुठे ठेवायचा, हे शिंगांवरची मखमल ठरवते

उन्हाळ्यात म्यूल हरणाच्या नरांच्या वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असते. तोवर ते झाडी संपते त्या रेषेच्या वर, साधारण ११,००० ते १२,००० फुटांवर, विलोच्या खुरट्या झुडपांत आणि गवताळ बेसिनमध्ये (डोंगरातल्या वाटीसारख्या खोलगट जागेत) चार-पाचच्या टोळीने राहतात. रोज जवळपास त्याच जागी चरतात आणि त्याच कड्याखाली बसतात. दिवस लहान होत जातो तशी शिंगं टणक होतात आणि मखमल गळते. बहुतेकांची सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एखाद्याची ऑगस्टअखेरीसच. एकदा घासायला लागलं की दिवसभरात शिंग मोकळं होतं.

त्यानंतर टोळी फुटते. मोठा नर उघडं बेसिन सोडून खालच्या स्प्रूसच्या दाट झाडीत शिरतो आणि उजेडात फारसा बाहेर पडत नाही. अंगावरचा तांबूस कोट जाऊन करडा येतो, तो दगडांत चटकन ओळखू येत नाही. वीस सप्टेंबरनंतर रिकाम्या बेसिनकडे दुर्बीण लावून बसणारे लोक दर वर्षी भेटतात. "गेल्या महिन्यात इथे सहा होते," असं ते सांगतात, आणि ते खरंही असतं.

म्हणून रजा कमी असेल तर हंगामाचे पहिले दहा-बारा दिवस सोडू नका.

सावध: महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपासून मझलोडर बंदुकीचा (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक) नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. डोंगरात माणसं वाढतात, हरणं आणखी आत शिरतात. तुमचा मुख्य तुकडा त्याच्या आधी संपला पाहिजे. त्या काळात वर जावंच लागलं तर सक्ती असो-नसो, भडक नारिंगी टोपी घाला.

## ३. २०२६चं कॅलेंडर समोर घेऊन

२ सप्टेंबर २०२६ला बुधवार आहे. लेबर डे सोमवारी, ७ तारखेला. गणेश चतुर्थी सोमवारी, १४ तारखेला. घरी गणपती बसत असेल तर १३ला रात्री अंघोळ करून घरात असायलाच हवं, त्यामुळे शेवटची तारीख आपोआप ठरली.

पर्याय क: १ ते ७ सप्टेंबर, रजा ४ (मंगळ ते शुक्र). मंगळवारी चढून कॅम्प लावायचा. बुधवार ते रविवार पाच पहाटा. सोमवार उतरायला आणि मांसासाठी राखीव. या दिवसांत नर अजून उघड्यावर आणि टोळीत असतात, कुणी त्यांना बिचकवलेलं नसतं. तोटा एवढाच की शनिवार-रविवार-सोमवार सुट्टीची गर्दी डोंगरात येते, आणि चौदा हजार फुटी शिखरांच्या आसपासच्या बेसिनांतून गिर्यारोहकांची रांग लागते.

पर्याय ख: ५ ते १३ सप्टेंबर, रजा ४ (८ ते ११). शनिवारी चढायचं, रविवार ते शुक्रवार सहा पहाटा, शेवटचा शनिवार-रविवार राखीव. सोमवारनंतर गर्दी ओसरते. पण याच आठवड्यात मखमल गळायला लागते आणि बुधवारी पाहिलेला नर शुक्रवारी नाहीसा झालेला असू शकतो.

निवड कशावर करायची? जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन नर प्रत्यक्ष पाहून ठेवले असतील तर डोळे झाकून क घ्या, एक पहाट कमी मिळाली तरी. काहीच पाहून ठेवलं नसेल तर ख घ्या, कारण पहिले दोन दिवस शोधण्यात जाणार आहेत. पाचवी रजा मिळाली तर ती क पर्यायात ८ तारखेला जोडा. मग सोमवारची पहाटही हाती लागते.

आठ दिवस रजा असेल तर १ ते १३ सलग मिळतात, दहा पहाटा. पण सलग बारा-तेरा दिवस त्या उंचीवर शरीर टिकत नाही; पाचव्या-सहाव्या दिवशी कान-डोळे आळसावतात. मधला एक दिवस खाली गावात उतरून झोपा, तो वाया गेला असं समजू नका.

चांदण्याचाही विचार करा. बरेच शिकारी मानतात की पौर्णिमेच्या आसपास हरणं रात्री जास्त चरतात आणि उजाडताच बसतात. आपल्याला हे घरच्या कॅलेंडरवरच दिसतं. २०२६मध्ये २ ते १३ सप्टेंबर हा काळ बराचसा कृष्णपक्षाचा आहे, अमावास्या ११च्या आसपास, त्यामुळे दोन्ही पर्याय चालतात. २०२७मध्ये मात्र गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला, लेबर डेच्या वीकेंडलाच येते. त्या वर्षी गणपतीनंतरचा आठवडा धरावा लागेल. घरी आत्तापासून बोलून ठेवा.

## ४. परवाना आधी की रजा आधी?

दोन्ही, पण दोन टप्प्यांत. कोलोरॅडोत हरणाचा प्रत्येक परवाना मर्यादित आहे, दुकानात जाऊन हवा तो घेता येत नाही. ड्रॉसाठी, म्हणजे परवान्यांच्या सोडतीसाठी, अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री ८ला बंद होतो. निकाल मे-अखेर ते जूनच्या सुरुवातीला येतो.

- जानेवारी: मॅनेजरला तारखा तोंडी सांगून टीमच्या कॅलेंडरवर टाका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या रजा लवकर संपतात, कारण लेबर डेला सगळेच जोडून घेतात.
- मार्च: अर्ज. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. ते नसेल तर हा वर्ग हिवाळ्यातच उरका. राज्याचे रहिवासी म्हणून अर्ज करायचा तर आधीचे सलग सहा महिने तिथे घर असावं लागतं. नुकतेच टेक्सास किंवा न्यू जर्सीहून आला असाल तर हे मोजून घ्या. चुकीचा दाखला देणं गुन्हा आहे.
- जून: निकाल आला की रजा लेखी पक्की करा. परवाना नाही मिळाला तर तारखा सोडू नका, ऑगस्टमध्ये उरलेले परवाने विक्रीला येतात.

युनिट निवडताना नकाशावरचं अंतर रजेतून वजा करा. डेन्व्हरहून सॅन वॉन रांग सहा तासांवर आहे, गोर किंवा सावाच रांगेत अडीच-तीन तासांत पोचता येतं. चार दिवसांच्या रजेत हा फरक जाता-येता मिळून एका पहाटेचा आहे. शिवाय जवळचा डोंगर उन्हाळ्यात चार वेळा पाहून येता येतो, लांबचा एकदाच.

शेजारच्या वायोमिंगचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे राज्याबाहेरच्या माणसाला संरक्षित वाइल्डरनेस क्षेत्रात मोठ्या जनावरांची शिकार करताना परवानाधारक गाइड किंवा तिथल्या रहिवाशाची रीतसर सोबत लागते. उंच डोंगरातला बराच भाग त्यातच येतो.

## ५. जुलै-ऑगस्टचे वीकेंड इथे खर्च करा

वीकेंड शिकारीला निरुपयोगी, पण पाहणीला उत्तम. बर्फ वितळून जंगलातले रस्ते जुलैच्या सुरुवातीला मोकळे होतात. तिथून ऑगस्टअखेरपर्यंत दोन किंवा तीन वीकेंड पुरतात.

1. घरी बसून नकाशावर पाच बेसिन निवडा: उत्तर किंवा पूर्वेकडे तोंड, विलो, जवळ पाणी आणि समोरच्या कण्यावर (डोंगराच्या धारेवर) बसायला जागा. ऑनएक्ससारख्या ॲपवर खासगी जमीन कुठे सुरू होते तेही पाहा.
2. समोरच्या कण्यावरून, एक-दीड किलोमीटरवरून पाहा. १० पट दुर्बीण तिवईवर, आणि नराची शिंगं नीट पाहायला स्पॉटिंग स्कोप.
3. नर दिसला की चार गोष्टी लिहा: किती वाजता चरायचं थांबला, कुठे बसला, ऊन आल्यावर उठून कुठे गेला, वारा कुठून होता.
4. एकच बेसिन धरून बसू नका. किमान तीन जागा हव्यात. पहिल्या दिवशी तुमच्या जागी आधीच दुसऱ्याचा तंबू दिसणं नेहमीचं आहे.

सावध: बेसिनच्या आत उतरू नका. "जवळून एकदा पाहतो" या मोहापायी ऑगस्टमध्येच नर शेजारच्या दरीत जातात. आणि पाण्याचे झरे ऑगस्टअखेरीस पुन्हा पाहा. जुलैत वाहणारा झरा सप्टेंबरमध्ये बऱ्याचदा कोरडा असतो.

## ६. उंचीचा हप्ता आधी भरा

डेन्व्हर साधारण १,६०० मीटरवर आहे, कॅम्प ३,५०० मीटरवर. समुद्रसपाटीहून विमानाने येणाऱ्याला हा फरक पहिल्या दोन दिवसांत हटकून त्रास देतो: डोकेदुखी, मळमळ, झोप नाही. रजेतले दोन दिवस तंबूत पडून गेले तर मांडलेला सगळा हिशोब फुकट.

डेन्व्हरवासीयांनी आधीची एक रात्र २,७०० मीटरच्या आसपास काढावी. बे एरिया किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्यांनी दोन. ऑफिस घरून करता येत असेल तर सोमवारी डोंगराखालच्या गावातून काम करा, रजा न घालवता एक रात्र पदरात पडते. उंचीच्या त्रासाची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगून. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न पाहता खाली उतरा.

जेवणाचंही उंचीशी नातं आहे. ३,६०० मीटरवर पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. तूरडाळ तिथे शिजत नाही, साधा तांदूळही कचवट राहतो. घरी फोडणी देऊन कोरडे करून नेलेले पोहे, इन्स्टंट भात-मेतकूट-तूप, दाण्याची चिक्की: गरम पाणी ओतून पाच मिनिटांत होईल तेवढंच न्या.

## ७. निघण्याच्या आदल्या रविवारी

सामान निघायच्या रात्री भरलं की काहीतरी राहतंच, आणि ते आणायला अर्धा दिवस जातो.

- बाण ज्या ब्रॉडहेडने (शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक) मारणार त्यानेच सराव करून पाहा. सरावाच्या टोकाने जुळवलेलं साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) ब्रॉडहेडला जुळेलच असं नाही. कोलोरॅडोत धनुष्याची ओढ (दोरी खेचायला लागणारा जोर) किमान ३५ पाउंड आणि ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच लागते.
- ६० यार्डांवर सराव करा, ४०च्या आतच मारा. उतारावर बसून, गुडघ्यावर, पाठीवर बॅग घेऊनही मारून पाहा.
- रेंजफाइंडर कोन धरून अंतर सांगणारा हवा. तीव्र उतारावर सरळ अंतर धरलं की बाण वरून जातो.
- दोन मोठे कूलर, आत पाणी भरून गोठवलेले चार-चार लिटरचे डबे. सुटा बर्फ नको, त्याच्या पाण्यात मांस भिजतं. गाडीत कूलरवर जुनी गोधडी टाका.
- पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून कळत नाही.
- पाच गेम बॅग (मांस भरायच्या कापडी पिशव्या), बदली पात्याची सुरी, परवाना, हेडलॅम्प दोन.

## ८. वर गेल्यावर दिवसाचा क्रम

उजाडायच्या अर्धा तास आधी समोरच्या कण्यावर बसलेलं असावं. कायद्याने बाण सूर्योदयाच्या अर्ध्या तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच मारता येतो, पण पाहायला त्याआधीपासून बसायचं.

साडेआठ-नऊला नर बसतो. इथेच बहुतेकांचा घात होतो: बसला की लगेच निघतात. ही त्याची कच्ची बैठक असते. ऊन अंगावर आलं की तास-दीड तासात तो उठतो, आळस देतो आणि सावलीतल्या दुसऱ्या जागी जातो. तुम्ही तेव्हा वाटेत असता, नर कुठे गेला हे दिसत नाही, आणि वारा अजून डोंगरावरून खाली वाहत असतो. उतार तापला की दहाच्या सुमारास वारा फिरून वर चढायला लागतो. दुसरी बैठक आणि स्थिर झालेला वारा, दोन्ही जुळल्यावर निघा. वरून उतरा, म्हणजे वारा नराकडून तुमच्याकडे येतो.

शेवटचे शंभर मीटर तासाभराचे असतात. बूट काढून जाड लोकरी मोज्यांवर. विलोच्या वर शिंगाचं एक टोक दिसतं, मग कान हलतो. माशी उडवायला हलला तर ठीक. दोन्ही कान तुमच्या दिशेला येऊन थांबले तर पापणीही हलवू नका. तो आपणहून उठण्याची वाट पाहा. दगड टाकून उठवलेला नर सावध असतो आणि धनुष्याच्या आवाजाला खाली दबतो.

सावध: ऑगस्ट-सप्टेंबरात दुपारी एकनंतर विजांचं वादळ जमतं. झाडीच्या वर उघड्या कण्यावर असाल आणि ढग काळे झाले तर दबकणं सोडून खाली या. नर उद्याही तिथे असेल.

## ९. बाण लागल्यानंतरचा दिवस हिशोबात आहे ना?

फुप्फुसात लागला तर अर्धा तास थांबून माग काढा. पोटात लागल्याची शंका असेल तर किमान सहा तास. म्हणजे संध्याकाळी सहानंतर मारलेल्या बाणाचा अर्थ, हरीण कदाचित उद्या सकाळी मिळेल, आणि रात्रीत पाऊस आला तर रक्ताचा माग धुऊन जाईल. म्हणूनच शेवटच्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना, बाण मारू नये. राखीव दिवस बेतातून सगळ्यात आधी कापला जातो, आणि सगळ्यात महाग तोच पडतो.

मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस २५ ते ३५ किलो भरतं. त्यात कॅम्पचं ओझं. एकट्याला दोन फेऱ्या लागतात, तीन तासांची वाट असेल तर अख्खा दिवस. हरीण हाती लागल्या-लागल्या कातडी काढा, मांस गेम बॅगेत घालून सावलीत, हवा लागेल असं टांगा. रात्री गोठणापर्यंत थंडी पडते, पण दुपारी ऊन तापतं. दीड दिवसाच्या आत ते कूलरमध्ये पोचलं पाहिजे. मांस रानात टाकून देणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या आणि परवान्याचा टॅग लगेच बांधा.

राज्याच्या बऱ्याच भागांत हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (मेंदूचा जीवघेणा आजार) आहे. डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं, युनिट आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. मेंदू, पाठीचा कणा, डोळे खाऊ नका. तपासणी केंद्राचे वार आणि वेळा निघण्यापूर्वीच पाहून ठेवा. ते रविवारी बंद असेल तर डोकं कूलरमध्ये राहील आणि सोमवारी ऑफिसला जाताना द्यावं लागेल, त्यासाठी सकाळची पहिली मीटिंग आधीच पुढे ढकलून ठेवा.